जिप्सीचा पुढचा ॲक्सल: सील बदललं तरी पुन्हा गळतंय, मग दुखणं दुसरीकडे आहे

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. जिप्सीच्या पुढच्या चाकामागे, नकलच्या (चाक वळवणाऱ्या, ॲक्सलच्या टोकाच्या सांध्याच्या) गोळ्यावर काळं चिकट ओघळलेलं दिसतं. गॅरेजवाला सील बदलतो, ग्रीस भरतो, पैसे घेतो. दोन-चार महिन्यांत, नाहीतर एका पावसाळी ट्रिपनंतर, तेच ओघळ पुन्हा हजर. परत गेलात की ठरलेलं उत्तर मिळतं: "साहेब, सील लोकल होतं, या वेळी ओरिजिनल टाकू." ओरिजिनलही गळतं. मग कोणीतरी सुचवतं की ॲक्सलवर ट्रस (वरून आधाराची पट्टी) ठोकून घ्या, म्हणजे कायमचं काम होईल. इथे खरी गडबड सुरू होते, कारण वाकलेल्या हाऊसिंगवर (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचावर) ट्रस ठोकला तर तो वाक तसाच पक्का होतो.

जिप्सीचा पुढचा ॲक्सल काही वाईट नाही. सुझुकीच्या एसजे मालिकेतली ही गाडी आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. सरळ ॲक्सल, कमानपाटे, बंद नकल, आत वळलेल्या चाकालाही पीळ पोचवणारा बॉलवाला सीव्ही जॉइंट, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला बर्फील्ड म्हणतात तो. मूळ गाडी हजार किलोच्या आसपास, टायर २०५/७० आर १५. त्या वजनाला आणि त्या टायरला हा ॲक्सल पुरून उरतो. हाऊसिंग दाबून घडवलेल्या पत्र्याचं आहे, जाडजूड नळीचं नाही. शिवाय डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा मधोमध नसून एका बाजूला आहे, त्यामुळे एक नळी आखूड आणि दुसरी लांब. वाक येतो तो बहुधा लांब बाजूला, आणि तोही दोन ठिकाणी: कमानपाट्याच्या बैठकीच्या बाहेर, किंवा नळी जिथे नकलच्या गोळ्याला जोडलेली आहे त्या सांध्यापाशी.

आता आपण लोक काय करतो? ३१ इंची टायर घालतो. ते रुंद टायर आतल्या बाजूला घासू नयेत म्हणून जास्त बाहेर निघणारी रिम किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावतो. पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच. मूळ टायरची त्रिज्या ३३४ मिलीमीटरच्या आसपास, ३१ इंचीची ३९३. म्हणजे टायरने जमिनीवर तेवढाच जोर लावला तरी जॉइंटवर जवळपास १८ टक्के जास्त पीळ येतो. आणि चाक जितकं बाहेर गेलं तितकी नळीवरची तरफ लांब झाली. खड्ड्यातून उसळून गाडी पुढच्या चाकांवर आपटते तेव्हा नळीचं टोक वर ढकललं जातं. एकदा नाही वाकत, दहादा नाही वाकत, मग कधीतरी वाकतं आणि परत येत नाही.

मोठे टायर नसलेल्या गाड्यांतही हे होतं. ताडोबा, पेंचकडे सफारीला लागलेल्या जिप्सी बघा. टायर साधेच, पण मागे उंच बाकं, सहा पर्यटक, गाइड, चालक, आणि रोजचा मुरूम-खड्ड्यांचा रस्ता. कमानपाटे बसलेले असतात, बंप स्टॉपचं रबर कधीच झडलेलं असतं, आणि मग लोखंडावर लोखंड आपटतं. तिथे ट्रसच्या आधी कमानपाटे आणि थोडक्या पैशांची रबरं बदलायला हवीत.

आधी काय गळतंय ते ओळखा

सील बदलण्याआधी बोटावर थोडं ओघळ घ्या. घट्ट, काळपट ग्रीस असेल आणि गाडी उभी केल्यावर ठिपके पडत नसतील, तर गोळ्यावरचं बाहेरचं पुसणी सील गेलंय. ते माती-वाळूने झिजतं, बदललं की काम संपलं. त्यासाठी एवढा मजकूर वाचायची गरज नाही.

ओघळ पातळ असेल, बोटावरून घरंगळत असेल आणि त्याला गिअर ऑइलचा तो उग्र, गंधकासारखा वास असेल, तर डिफरन्शियलचं तेल आतल्या ॲक्सल सीलमधून नकलमध्ये आलंय आणि ग्रीस पातळ करून बाहेर पडतंय. पडताळायचं असेल तर डिफरन्शियलचा लेव्हल प्लग उघडा, पातळी खाली गेलेली असणारच. हे जास्त गंभीर आहे. बर्फील्डला हवं असलेलं ग्रीस धुऊन जातं, आणि तेल स्पिंडलमधून (चाक ज्या पोकळ दांड्यावर फिरतं त्यातून) हबमध्ये, तिथून ब्रेक डिस्कवर पोचलं तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढायला लागते.

तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. गरम ॲक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून पाणी ओढते.

यावरून पुढचा मुद्दा: ब्रीदर. हाऊसिंगच्या वर, आतली हवा ये-जा करायला, छोटी ब्रीदरची टोपी असते. चिखलाने बुजली की तेल तापल्यावर आतला दाब सीलवर येतो आणि नवंकोरं सीलही गळतं. काढा, रॉकेलमध्ये धुवा, फुंकून पाहा. त्याच्या जागी नळी लावून ती इंजिनच्या खणात उंचावर नेऊन बांधणं हा या गाडीवरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल आहे. गोव्याच्या किंवा कोकणच्या पावसात गाडी घालणाऱ्याने तो केलेला नसेल तर बाकी चर्चाच नको.

ब्रीदर साफ आहे, सील चांगल्या कंपनीचं आहे, ते तिरकं न ठोकता नीट दाबून बसवलंय, शाफ्टवर सीलच्या जागी खाच पडलेली नाही, स्पिंडलच्या आतलं बुश झिजलेलं नाही. एवढं सगळं तपासून झालं आणि तरीही गळतंय, तर हाऊसिंगवर संशय घ्या. नळीचं टोक वाकलं की शाफ्ट सीलच्या मधोमध राहत नाही. सीलचा ओठ एका बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला सैल पडतो. काढलेलं जुनं सील फेकू नका. त्याचा ओठ एकाच बाजूला चकचकीत घासलेला दिसला तर निम्मं निदान तिथेच झालं.

चाक हलतंय की हाऊसिंग वाकलंय

मोजायच्या आधी बेअरिंगांचा हिशोब चुकता करा, नाहीतर आकडे खोटे येतील. पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या, खाली घोडे लावा, चाक वर-खाली धरून हलवा. खुळखुळ जाणवली की कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. हालणं थांबलं तर व्हील बेअरिंग सैल आहे. ब्रेक दाबूनही हलत असेल तर किंगपिनचं (नकल ज्या खिळ्यावर वळतो त्याचं) बेअरिंग. साठ-सत्तरच्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच किंगपिन असतं. लोक स्टिअरिंग डँपर लावून ते दाबून टाकतात. डँपर चांगली वस्तू आहे, पण बेअरिंगला तो पर्याय नाही.

किंगपिनची बेअरिंग बदलताना वर-खाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात. कुठल्या बाजूची शिम कुठली, हे चिठ्ठी लावून वेगळं ठेवा. मिसळल्या की नकल एकतर जाम फिरतो किंवा ढिला. टाय रॉड सोडून, पुसणी सील न लावता, स्प्रिंगच्या काट्याने नकल ओढून ताण बघायचा असतो. आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला आहे. "हाताला बरं वाटतंय" ही पद्धत इथे चालत नाही.

आता कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर झुकाव. कंप्युटर अलाइनमेंटवाले बऱ्याचदा सांगतात की सरळ ॲक्सलला कॅम्बर ॲडजस्ट होत नाही, म्हणून बघायची गरज नाही. ॲडजस्ट होत नाही हे खरं, आणि नेमकं म्हणूनच बघायचं. ॲडजस्ट न होणारी गोष्ट बदलली असेल तर काहीतरी वाकलंय.

यंत्र नसलं तरी अडत नाही. गवंड्याकडचा ओळंबा आणि मिलीमीटरची पट्टी पुरते. सपाट फरशीवर गाडी उभी करा, दोन्ही पुढच्या टायरांत हवा सारखी, स्टिअरिंग सरळ. गाडी थोडी मागे-पुढे ढकला म्हणजे कमानपाटे बसतील. चाकाच्या बाहेरून, टायरच्या फुगवट्याला दोरी टेकणार नाही असा ओळंबा सोडा. दोरीपासून रिमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. दोन बिंदूंत ४०० मिलीमीटर उंची धरली तर १ अंशाला ७ मिलीमीटर फरक पडतो. रिमच वाकडी असू शकते, म्हणून चाकाचा अर्धा फेरा होईल इतकी गाडी पुढे ढकलून तेच माप पुन्हा घ्या आणि सरासरी काढा.

जिप्सीचं चाक कारखान्यातून वरच्या बाजूला किंचित बाहेर झुकलेलं येतं. म्हणजे बाहेरून सोडलेल्या दोरीपासून वरची कड जवळ आणि खालची लांब असायला हवी. उलटं आढळलं, वरची कड आत गेलेली दिसली, तर नळीचं टोक वर वाकलंय. त्या बाजूच्या टायरची आतली कड जास्त झिजलेली दिसेल, तो साक्षीदार आधीपासून समोरच होता. दोन्ही बाजूंत फरक असणं हे सगळ्यात स्पष्ट लक्षण. उजवीकडे ठीक आणि डावीकडे एक-दीड अंश आत, अशा मापानंतर सीलवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही.

तडा बघायला नळी आणि गोळ्याचा सांधा वायर ब्रशने उघडा पांढरा करा. रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा, वर खडू घासा. तडा असेल तर खडूवर बारीक काळी रेघ उमटते. लाल फवाऱ्याचं किट बाजारात मिळतं, ते जास्त चांगलं, पण रॉकेल-खडूवरही काम भागतं.

सरळ करायचं की बदलायचं

एक अंशाच्या आसपास वाक असेल, घडी पडलेली नसेल, तडा नसेल, तर ट्रकचे ॲक्सल सरळ करणाऱ्या वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसवर काम होतं. थंडच सरळ करायला सांगा. गॅसने लाल करून वाकवलेला पत्रा त्या जागी मऊ पडतो आणि पुढच्या मोसमात तिथेच पुन्हा वाकतो. प्रेस सोडला की लोखंड थोडं माघारी येतं, त्यामुळे कारागीर सरळ रेषेच्या जरा पलीकडे नेतो. दोन-तीन वेळा दाबून-मोजून जुळतं. घाई करणारा माणूस या कामाला नको.

घडी पडली असेल किंवा गोळ्याच्या सांध्याला तडा असेल तर माझं मत सरळ आहे: दुसरं हाऊसिंग बघा. कुर्ल्याच्या भंगार बाजारात, दिल्लीच्या मायापुरीत, लष्कराच्या लिलावातून फुटलेल्या गाड्यांत ती मिळतात. घ्यायला जाताना ओळंबा नेऊन उपयोग नाही, कारण हाऊसिंग सुटं असतं. लांब सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी न्या. नळीच्या वरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि दोरी-नळीतलं अंतर दोन्ही टोकांना सारखं नसलं, की दुकानदार काहीही म्हणो, पुढे चला. कमानपाट्याच्या बैठकीखाली गंज टोचून बघा. किनारपट्टीच्या गाड्यांत पत्रा तिथेच आधी खाल्लेला असतो.

ट्रस आणि गसेट

हाऊसिंग सरळ आहे, हे मापाने सिद्ध झालं. आता मजबूत करायचं.

दोन गोष्टी करायच्या असतात आणि लोक बहुतेकदा एकच करतात. ट्रस म्हणजे नळीच्या वरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी उभी पट्टी किंवा पूल. त्याने मधला वाक थांबतो. पट्टीची ताकद जाडीपेक्षा उंचीवर ठरते: उंची दुप्पट केली तर वाकायला होणारा विरोध आठपट होतो, जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. म्हणून १० मिलीमीटरची आडवी प्लेट चिकटवण्यापेक्षा ४-५ मिलीमीटरची उभी प्लेट कितीतरी कामाची, आणि वजनही कमी. गसेट म्हणजे नळी आणि नकलचा गोळा यांच्या सांध्यावर वर-खाली लावायचे त्रिकोणी आधार. ट्रस केला आणि गसेट विसरलात तर मधला भाग ताठ राहतो, आणि सगळा जोर येऊन त्या सांध्यावरच बसतो. एकच करायची ऐपत असेल तर आधी गसेट करा.

प्लेट कापायच्या आधी जागा बघा. जिप्सीत ॲक्सलच्या वर इंजिनचं ऑइल पॅन फार लांब नसतं. एका बाजूचे कमानपाटे सोडून ॲक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत वर नेऊन बघा, मग दुसरी बाजू, मग दोन्ही. ट्रसची उंची तिथे जी जागा उरते त्यावरून ठरवा. आंतरजालावरच्या फोटोतला ट्रस ज्या गाडीवर आहे तिचे कमानपाटे उंच केलेले असतील. प्रॉपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट आणि टाय रॉड पूर्ण फिरवून बघा. गसेटचं टोक पुसणी सीलच्या रिंगला फुल लॉकमध्ये लागता कामा नये; पुठ्ठ्याचा साचा आधी करून फिरवून घ्या. डिफरन्शियलचा गोळा बाहेर काढायला बोल्टपर्यंत पाना पोचला पाहिजे.

वेल्डिंगला गाडीवर ॲक्सल ठेवून काम करणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. शाफ्ट, बर्फील्ड, सीलं बाहेर. तेल काढून आतून धुऊन पुसलेलं. डिफरन्शियलचा गोळा मात्र बोल्टने कसून जागेवरच ठेवा, म्हणजे त्याची बैठक उष्णतेने पिळवटणार नाही. त्या बैठकीच्या जवळ वेल्ड जितकं कमी तितकं बरं, नाहीतर एक गळती घालवताना दुसरी पदरात पडेल.

मिग वेल्डिंग (सलग तार सोडणारं) असेल तर उत्तम. रॉडने करायचं तर ७०१८ जातीचा लो-हायड्रोजन रॉड, आणि तो कोरडा. पावसाळ्यात उघड्या पुडक्यातला रॉड हवेतली ओल पितो, वेल्ड वरून सुंदर दिसतं आणि आत बारीक तडे राहतात. भट्टीत शेकलेला रॉड वापरणारा वेल्डर शोधा. त्याने "ते सगळं पुस्तकात असतं" म्हटलं तर दुसरा शोधा.

टाके घालतात तसं एकावेळी २५-३० मिलीमीटरच वेल्ड करायचं. एक टाका डावीकडे, पुढचा उजव्या टोकाला, मग मध्ये, मग पलीकडच्या कडेला. हात टेकवता येईल इतकं निवलं की पुढचा. सलग रेघ ओढली तर वरची बाजू आकसते, नळीची टोकं वर उचलली जातात, आणि तुम्ही प्रेसवर पैसे देऊन काढलेला वाक वेल्डर फुकटात परत देतो. दर आठ-दहा टाक्यांनंतर ताणलेल्या दोरीने माप घ्या. नकलचा गोळा जाड आणि नळी पातळ, त्यामुळे आर्क गोळ्याकडे रोखून धरायचा, नाहीतर नळीला भोक पडतं आणि गोळ्याला वेल्ड नुसतं चिकटून बसतं. गोळा आधी थोडा तापवून घेतला तर बरं. आणि काम संपल्यावर पाणी ओतू देऊ नका. अनेक वेल्डर सवयीने बादली घेऊन येतातच.

पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा दोरी, पुन्हा खडू-रॉकेल, मगच रंग. जोडताना नवीन सीलं, स्पिंडल बुश, यू-बोल्ट. यू-बोल्ट जुने पुन्हा कसायचे नाहीत, ते एकदा ताणले की ताणले. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे परत कसून घ्या. शेवटी टो-इन (दोन्ही चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली) लावून घ्या, आणि ओळंब्याचं माप कुठेतरी लिहून ठेवा.

यानंतर काय तुटेल

हाऊसिंग ताठ केलं की जोर पुढच्या कमकुवत जागी जातो, आणि जिप्सीत ती जागा म्हणजे बर्फील्ड. लो रेशोत (फोर-व्हीलच्या कमी वेगाच्या गिअरमध्ये), पहिल्या गिअरला, इंजिनचा पीळ चाकापर्यंत पोचेतो तीस पटींच्याही वर वाढलेला असतो. स्टिअरिंग फुल लॉक, चाक दगडात अडकलेलं, आणि आपण ॲक्सिलरेटरवर: या स्थितीत बॉलांचा पिंजरा तडकतो किंवा घंटा (जॉइंटची बाहेरची वाटी) फुटते. आधी फुल लॉकला टकटक ऐकू येते. ती ऐकू आली की उघडून बघा. जंगलात फुटलेला बर्फील्ड काढणं म्हणजे अंधारात, चिखलात, अख्खा नकल सोडणं.

यावर पहिला उपाय पायाचा आहे: लॉक कमी करा, मग जोर द्या. क्रोमोलीचे (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे) मजबूत शाफ्ट-जॉइंट मिळतात, महाग असतात. पुढे डिफ लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा) लावायचा विचार असेल तर ते घेतल्याशिवाय लावू नका. फ्री व्हील हब (चाक शाफ्टला जोडणारे-सोडणारे) फुटत असतील तर त्यांच्यावर राग काढू नका. हब बाहेरून बदलता येतो, अर्ध्या तासाचं काम असतं, आणि तो फुटल्यामुळे आतला जॉइंट वाचलेला असतो.

कागदोपत्री बाजूही थोडक्यात सांगतो, कारण विचारणारे विचारतातच. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरबदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलंय. त्यामुळे ३१ इंची टायर आणि ट्रस लावून रोज रस्त्यावर फिरणार असाल तर आरटीओ आणि विमा कंपनी दोघांचंही म्हणणं आधी विचारून घ्या.

माझ्या मते साध्या टायरवर, ट्रेकच्या गावांपर्यंतच्या कच्च्या रस्त्यांवर, ताम्हिणी-मुळशीच्या चिखलात फिरणाऱ्या जिप्सीला ट्रस लागत नाही. तिला हवेत ताजे कमानपाटे, शाबूत बंप स्टॉप, लांबवलेला ब्रीदर आणि वर्षातून एकदा उघडून भरलेलं नकलचं ग्रीस. २८-२९ इंचांपर्यंत गसेट पुरतात. ३१ इंची टायर, विंच आणि स्पर्धा असेल तर गसेट, ट्रस, आणि बर्फील्डसाठी बाजूला ठेवलेले पैसे. टायर विकत घेतानाच हा खर्च त्यात धरा.